तार आणि तंगूस

भात कापून झालं की आमच्या भागात दोन-तीन आठवडे हवेला एक वास असतो. ओल्या पेंढ्याचा, उघड्या पडलेल्या धसकटांचा, आणि ज्यांनी वाल पेरलेत त्यांच्या शेतातल्या गार मातीचा. चौक गावच्या बाजाराला जाताना रिक्षातसुद्धा तो नाकात शिरतो. नोकरीत होते तेव्हा ह्या वासाबरोबर मला सहामाहीचे न तपासलेले पेपर आठवायचे. ह्या वर्षी तो आला आणि मला धरणच आठवलं. हा वास आला म्हणजे धरण काठोकाठ भरलेलं आहे, गढूळ पाणी निवळलेलं आहे, आणि आता कुठल्याही सकाळी हे चहाचा कप खाली ठेवून विचारणार, "तार कुठं ठेवलीस गं?"

हे म्हणजे आमचे यजमान. साजगावकडच्या एका कारखान्यात, जाड सळीची बारीक तार ओढायच्या खात्यात ह्यांची एकतीस वर्षं गेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. आता दोघंही निवृत्त, लोधिवलीजवळ घर, मुलगी सासरी. ते विचारतात ती तार मासे धरायची. आणि ती मी लपवून ठेवली होती.

मासेमारीचं हे खूळ आमच्या घरात उशिरा शिरलं. निवृत्तीनंतर सहा महिने हे ओट्यावर बसून रस्त्यावरचे ट्रक न्याहाळत होते. मग उरणला बोटीवर काम करणारा ह्यांचा मावसभाऊ एकदा आला आणि जाताना दोन लोखंडी पाट्या देऊन गेला. तळहाताएवढी पाटी, पुढच्या टोकाला शिशाचं वजन. चालत्या होडीमागे ओढली की ती तरंगत नाही, उलट नाक खाली घालून खोल खोल जाते, आणि मागे बांधलेला गळ आणि आमिषही खाली नेते. मासा लागला की ती आडवी पडते आणि वर येते. समुद्रातलं हे सामान आमच्या गोड्या पाण्याच्या धरणात घालायचं, ही अक्कल ह्यांचीच. आमच्याकडे काठावर गळ टाकून बसणारे पुष्कळ, पण होडी चालवत गळ ओढणारं तोपर्यंत कोणी नव्हतं.

होडी बाळारामची. तिथल्या मच्छीमार सोसायटीतला जुना माणूस. पाटी उलटीसुलटी करून तो म्हणाला, "काका, हे खाऱ्या पाण्यातलं हाय. हितं कशाला?"

"मासा काय पाणी चाखून आमिष खातो काय रं?" हे म्हणाले.

आता ह्यांचे दोन्ही हात दोरीला, म्हणजे वल्ही मारायला दुसरं माणूस पाहिजे. बाळारामला त्याची जाळी होती. राहिले मी. पहिल्या दिवशी होडी तासभर एकाच जागी गोल फिरली. काठावरून बाळाराम ओरडला, "बाई, पोरांना वर्तुळ शिकवताय काय?" हे हसले नाहीत. नवरा म्हणून तेवढी समज त्यांना आहे.

मी तरीही दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. शेजारणीला वाटलं, ह्या वयात काय हे प्रेम. प्रेम होतंच, नाही कशाला म्हणू, पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. त्या पाण्याखाली माझं माहेर आहे. मी सातवीत असताना धरण भरलं. माणसं आणि घरं वरच्या अंगाला हलली, शेतं खाली राहिली. त्यातलं एक खाचर आमचं होतं. उतार फार म्हणून बाबांनी त्याला एका हिवाळ्यात दोन पायऱ्यांचा दगडी बांध घातला होता. खाली एक थर, मग हातभर आत सरकून वर दुसरा थर. गावात असा बांध एकच. खालच्या थरावर बसायचं, वरच्या थरावर वही ठेवायची आणि अभ्यास करायचा, अशी माझी शाळेनंतरची जागा होती. बांध वाकड्या ताडाच्या बरोब्बर समोर होता, हे मी ह्यांना लग्न झाल्यापासून शंभर वेळा सांगितलं असेल. तो ताड उंचावर होता म्हणून वाचला. आता तो पाण्याच्या काठावर उभा आहे आणि आणखी वाकला आहे.

पहिला हंगाम तंगुसावर गेला. तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, गळाला सगळीकडे वापरतात तोच. तो हाताला मऊ, गुंडाळायला सोपा, मासा झटका देतो तेव्हा थोडा लांबतो आणि झटका पोटात घालतो. पण पाटी ओढायला तो तितकासा कामाचा नाही. जाड असल्यामुळे पाणी त्याला मागे लोटतं, त्याला झोळ पडतो, आणि पाटी हवी तेवढी खोल जात नाही. खाली पाटीला काय लागलं ते वरच्या हाताला कळतही नाही, कारण पाटीने सांगितलेलं सगळं तंगूस वाटेतच गिळतो. हे होडीच्या मागच्या फळीवर बसायचे, बोटांत तंगूस धरून, डोळे मिटून. अर्ध्या तासाने म्हणायचे, "काय लागत नाय."

मला वाटायचं, माशाबद्दल बोलताहेत.

ह्यांना बारा-तेरा वर्षं साखर आहे. बोटांची टोकं कधीपासून बधिर व्हायला लागली हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शर्टाची बटणं मी लावून देऊ लागले होते. नाणं उचलताना ते टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेतात, हे मी पाहिलं होतं. कारखान्यात ह्याच बोटांचं नाव होतं. धावती तार चिमटीतून सोडून ती किती जाड आहे ते हे मापाशिवाय सांगायचे, आणि नंतर माप लावलं तर तेच निघायचं. घरी आले की कपड्यांना तिथल्या साबणाच्या भुकटीचा वास असायचा. तारेला ती भुकटी लावून ओढतात. एकतीस वर्षं तो वास मी धुतला, आणि आता तो कुठेच येत नाही तर चुकल्यासारखं होतं.

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला ह्यांनी तंगूस सोडवून बाजूला टाकला आणि जुन्या खात्यातल्या कुणाकडून तरी आणलेली बारीक, न गंजणारी एकेरी तार गुंडाळायला घेतली. बाळारामला पटलं नाही. "तंगूस वढ सोसतो काका. तार नाय सोसायची. मोठा मासा झटका देल नि गळ तोंडातून सुटंल."

"सोसायला माझा हात हाय ना," हे म्हणाले.

तारेचे नखरे मला त्या हंगामात कळले. तंगूस कसाही सोडा, चालतो. तार सोडताना बोट दाबून, ताण ठेवून, सावकाश सोडावी लागते. जरा सैल पडली की तिला वेढा पडतो, आणि वेढा ओढला गेला की तिथे मोड येतो. एकदा असा मोड मी दाताने सरळ करायला गेले तर हे एवढ्या मोठ्याने ओरडले की काठावरचे बगळे उठले. "सरळ करू नको! सरळ दिसंल, पण तिथंच तुटंल. मोड आला की कापायचं आणि नव्यानं बांधायचं." मला ह्यांचा राग आला, कारण दिवसभर वल्ही मी मारणार आणि ओरडून घेणारही मीच.

पण पहिल्या दिवशी तार पाण्यात शिरली तेव्हाचा ह्यांचा चेहरा मी विसरणार नाही. तार बारीक, पाण्याला कापत जाते, तिला झोळ नाही, ताणून लांबणं नाही. होडी चालू लागली की ती हलकेच गुणगुणते. वल्ह्याच्या पाण्याचा आवाज थांबला की मलाही ऐकू यायचं. हे डोळे मिटून बसले आणि मग एकदम म्हणाले, "बोलते बघ. चिखल हाय... खडी लागली... आता परत चिखल."

आम्ही वाकड्या ताडासमोर आलो. ह्यांनी मान वर केली. "लागला गं. तुझ्या बाबांचा बांध."

मी वल्ही सोडली आणि तोंडाला पदर लावून रडले. होडी थांबली, पाटी चिखलात बसली, आणि तरीही ह्या माणसाने मला एका शब्दाने टोकलं नाही.

मग तो सबंध हंगाम आमचा होता. सकाळी पाण्यावर धुकं, माथेरानचा डोंगर अर्धाच दिसायचा. ऊन आलं की तो हळूहळू खाली उतरत आल्यासारखा पूर्ण व्हायचा. डब्यात भाकरी आणि वालाची उसळ. एक-दोन मरळ लागले, एकदा चांगला हातभर शिवडा लागला. त्याने बाळारामच्या भाकिताप्रमाणे गळ सोडवून घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ह्यांनी त्याला आणला. माशांची मला फारशी मातब्बरी नव्हती. मी ताडाची वाट बघायची. प्रत्येक फेरीला ताड समोर आला की हे म्हणायचे, "लागला." एवढाच शब्द. त्यावर मी पुढची फेरी मारायची. मला सत्तेचाळीस वर्षं झाली बाबांच्या बांधावर बसून, आणि इथे तो दिवसातून चार-चारदा सापडत होता.

मग ती दुपार आली. मार्गशीर्षातली. होडी काठाला लावून आम्ही डबा उघडला. ह्यांनी भाकरी मोडून माझ्या हातात दिली, तिला लाल लागलेलं होतं. मला वाटलं लसणाची चटणी. मग आठवलं, चटणी मी आणलीच नव्हती. ह्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला तार आत उतरेपर्यंत कापत गेली होती. तारेवर रक्त होतं, फळीवर होतं, पायजम्यावर होतं. आणि हे भाकरी चावत माझ्याकडे बघत होते. "काय झालं गं?"

त्यांना कळलंच नव्हतं. सकाळपासून कधी कापलं, तेही सांगता येईना.

त्यानंतरचं मला तपशिलाने लिहवत नाही. खोपोलीचा दवाखाना, मग पनवेल. रोज ड्रेसिंग. जखम बरी होते असं वाटायचं आणि पुन्हा चिघळायची. शेवटी बोटाचं पुढचं पेर काढावं लागलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता ह्यांच्या हाताला साधा ओरखडासुद्धा परवडणार नाही. पुढची जखम झाली तर पेरावर भागणार नाही, हात जाईल. मी मान हलवली. घरी येऊन ह्यांना वरणभात भरवला. होळी, पाडवा, आंबे, पाऊस, सगळं त्या हाताच्या पट्ट्या बदलताना खिडकीतून गेलं. आमच्यासारख्या बायकांनी म्हणायचं नसतं, पण मी थकले. सकाळी उठून पट्टी उकलायच्या आधी मी मोरीत जाऊन दोन मिनिटं नुसती उभी राहायची. आताही थकलेलीच आहे. झोपून उठलं की जाणारा थकवा नाही हा.

त्या पट्ट्या उकलताना एक विचार माझ्या मनात आला आणि मग गेलाच नाही. ज्या बोटाला तार मांसात उतरलेली कळली नाही, त्या बोटाला पंधरावीस हात पाण्याखालचा बांध कसा कळत होता?

मी विचारलं नाही. मास्तरीण आहे, मुलाने उत्तर कुठून बघून लिहिलंय हे मला ओळखता येतं. पण प्रत्येक वेळी वही घेऊन उभं करायचं नसतं. कधी वाटायचं, बधिर बोटालाही जोराचा ठोका कळत असेल. हादरा कोपरापर्यंत जात असेल. कधी वाटायचं, ह्यांनी नुसता ताड बघितला. ताड तर मीच दाखवला होता. रात्र-दिवस हे घोळवून काही हाती लागत नव्हतं. तार तेवढी मी उचलून ठेवली, तांदळाच्या पिंपात, अगदी तळाशी. ह्यांचा हात तिथे कधी जात नाही. पावसाळाभर आम्ही त्या तारेवरचा तांदूळ खाल्ला. पातळी खाली खाली गेली आणि गेल्या आठवड्यात माप घालताना ते खण्णकन वाजलं. बाहेर पेंढ्याचा वास सुटलेला होता.

त्याच सकाळी ह्यांनी विचारलं. "तार कुठं ठेवलीस गं?"

"तंगूस आहे ना. तंगूस घ्या."

"तंगुसानं काय कळत नाय."

"नाही कळलं तर नाही कळलं. हात हवाय ना तुम्हाला?"

ह्यांनी आखूड बोट दुसऱ्या हाताने चोळलं. मग रस्त्याकडे बघून म्हणाले, "ह्या हाताचा आता कशाला उपेग हाय? बटन लावत नाय, नाणं उचलत नाय. तेवढं एक होतं. तुला तुझा बांध सांगायचो."

मला ह्यांचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की दोन्ही एकदम कसं बोलायचं ते कळेना. मी आत गेले. पिंपात कोपरापर्यंत हात घालून तार काढली, तिला चिकटलेले तांदळाचे दाणे झटकले आणि ओट्यावर आणून ठेवली.

"तार मिळेल," मी म्हटलं. "पण ती मी धरणार. तुम्ही वल्ही मारायची. हातात जाड मोजे घालून."

"तुला कळंल काय?"

"तुम्हाला कळत होतं, मग मला का नाही कळणार?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मग म्हणाले, "सैल सोडू नको म्हंजे झालं."

बाळारामने माझ्या बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून दिले. "बाई, ह्या वयात धंदा बदललात," तो म्हणाला, पण ह्यांना होडीत चढवताना त्याने खांद्याला धरलेला हात बराच वेळ सोडला नाही. हे वल्ह्यांवर बसले. मोठे मोजे, आत अपुरं बोट. पहिल्या दहा मिनिटांत होडी तीनदा गोल फिरली आणि मी काही बोलले नाही. बायको म्हणून तेवढी समज मलाही आहे.

मी तार सोडली, बोट दाबून, सावकाश. पाटी खाली गेली. आणि मग ते आलं. ट्यूबच्या रबरातून, बोटांतून, मनगटातून. मी डोळे मिटले नाहीत, तरी पाण्यावरचं काही दिसेनासं झालं. चिखल कसा असतो ते मला लगेच कळलं. तो नुसता धरून ठेवतो आणि सोडतो. खडी खरखरते. एका ठिकाणी एखादा बुंधा असावा, पाटी त्याला घासून वर झाली आणि पुन्हा बुडाली. हे सगळं इतकं स्पष्ट होतं की मला भीती वाटली. तार काही पोटात ठेवत नाही.

वाकडा ताड जवळ येत होता. ह्यांची वल्ही मंदावलेली मला जाणवली. ताड समोर आला. बरोब्बर समोर आला. तारेत चिखल होता. मऊ, सपाट, सारखा चिखल. दगडाचा एक कण नाही.

होडी ताडासमोरून सरकली. माझी पाठ ह्यांच्याकडे होती. मागून आवाज आला, ओट्यावर तार मागितली होती त्याच आवाजात, पण जरा हळू.

"लागला काय गं?"

"लागला," मी म्हटलं.

ह्यांनी मोठा श्वास सोडला आणि वल्ही पुन्हा जोरात पडू लागली. "बघ," हे म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

"सांगत होतात."

तीस-चाळीस वल्ही पुढे गेलो असू. ताड चांगलाच मागे पडला होता, काठावर आता नुसती करवंदीची जाळी होती. माझ्या हाताला टक् झालं. घट्ट, दगडाचं. आणि हातभर अंतराने, जरा वर, पुन्हा टक्.

खालचा थर आणि वरचा थर. लहानपणी पाहिलेल्या बांधाची जागा मी आयुष्यभर चुकीची सांगत आले होते, आणि हा माणूस ती चूक माझ्याकडूनच घेऊन, दिवसातून चार-चारदा, मला परत देत होता. त्याच्या हाताला काहीच लागत नव्हतं. एकदाही लागलं नसेल.

"का गं, गप झालीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "ऊन लागतंय डोळ्याला. फिरवा होडी, पुन्हा एकदा ताडावरून जाऊ."